हजार झाल्या की

पावणेतीनला फोन. भोकरदनचा डीलर.
मॅडम, नुसतं चाक फिरायलंय,
बुकिंग झालं का नाही कळंना, पावती येईना.
सकाळी सात वाजता गाडी भरायचीय त्याला, कापसाच्या बियाण्याची.
मी भिंतीला पाठ लावून लॅपटॉप उघडते.
आई कूस बदलते, काय करायलीस गं एवढ्या रात्री?
वर्कर फुगलेत, म्हणते मी. कामगार.
तिला कामगार एवढंच ऐकू जातं.
पाणी दे म्हणावं त्यांना, म्हणते, आणि घोरायला लागते.

आठ वर्कर.
सोमवारी चढले तेव्हा ऐंशी-ऐंशी एमबीचे,
चपळ, रिकामे, कुणाचं देणं नसलेले.
आज गुरुवार, आणि प्रत्येकाच्या पोटात नऊशे.
गळती म्हणतात हिला.
पण गळत काहीच नाही, साचतं.
रद्द झालेली ऑर्डर, बदनापूरच्या कुणाचा अर्धा पत्ता,
एका वाणाचा धूसर फोटो:
कुणीतरी हातात धरून ठेवलंय आणि सोडायचं विसरलंय.
तीन आठवडे शोधलं मी. एकेक ओळ उपसली.
सापडलं नाही.

बाबा रोलिंग मिलला होते, एमआयडीसीत,
चिमट्यानं लाल सळई पकडायच्या जागेवर.
मुकादम रऊफमियाँ खडूनं पत्र्यावर रेघा ओढायचे.
घड्याळ बघायचे नाहीत, सळया मोजायचे.
चाळीस झाल्या की माणूस हटवायचा,
मिठाचं पाणी, लिंबाखाली बसणं, मग परत.
चाळीसही सगळ्यांना सारख्या नाहीत;
एकाला एक्केचाळीसला, एकाला पंचेचाळीसला.
बाबांनी विचारलं होतं, असं काहून?
सब एकदम हटे तो लोहा कौन पकडता, तेरा बाप?
आणि हातातली सळई पुढं दिल्याशिवाय
कुणी जागा सोडायची नाही,
हे तर सांगावंही लागायचं नाही.

रऊफमियाँ मुलीच्या लग्नाला परभणीला गेले ते चार दिवस
नवा सुपरवायझर बसला, त्याच्या टेबलावर पंखा होता.
त्यानं पत्रा पुसून टाकला.
तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा
आमच्या दारावरून सरळ पुढं निघून गेले.
मी ओट्यावरून हाक मारली.
त्यांनी वळून बघितलं,
जसं एखाद्या दुकानाच्या पाटीकडे बघतात.

फाईल उघडते. लिहिते:
एका वर्करला जास्तीत जास्त विनंत्या, हजार.
वर प्रत्येकाला वेगळी सूट, दीडशेपर्यंत, जशी निघेल तशी.
म्हणजे कुणी हजार बाराला जाईल, कुणी अकराशे चाळीसला,
आठ खुर्च्या एकदम रिकाम्या पडणार नाहीत.
हातातलं काम पुरं करायला तीस सेकंद.
खाली टिपणी टाकते, पुढं जो कुणी हे वाचेल त्याच्यासाठी:
हा इलाज नाही. दुखणं अजून सापडलेलं नाही.
लाज वाटते लिहिताना. पुसत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती मला नीट पचत नाही.
बाबा लिंबाखालून परत यायचे, तेच बाबा,
मनगटावर तोच भाजल्याचा डाग.
माझा वर्कर परत येत नाही.
त्याच्या जागी दुसरा येतो,
आणि भोकरदनच्या माणसाला फरक कळत नाही,
कळू नये हेच माझं काम.

साडेचार. पावती आली मॅडम, त्याचा मेसेज, सोबत हात जोडलेले.
नव्या जालन्याकडून मालगाडीचा भोंगा.
लॉगमध्ये नऊशे ऐंशी, नऊशे नव्वद,
हजार सदतीस.
४१२७ ने शेवटची पावती छापली, बाहेर पडला.
४१९३ आत आला.
ऐंशी एमबी. पहिली विनंती घेतोय,
अंबडहून कुणीतरी तुरीचा भाव विचारलाय.